वाचक विचारतात: पूर, चिखल आणि अर्धा उडालेला येशू

प्रश्न: मे महिन्यात टूरबरोबर इटलीला जाऊन आलो. फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये एक भलामोठा लाकडी क्रूस आहे, त्यावरच्या येशूचा रंग पार उडालाय. गाईड म्हणाली १९६६च्या पुरात गेला. मग इतक्या वर्षांत परत रंगवला का नाही? पैसे नव्हते का?
*(एक वाचक, पुणे)*

उत्तर: पैसे जमले होते हो, आणि हात तर जगभरातून आले होते. रंगवला नाही ते मुद्दाम.

४ नोव्हेंबर १९६६च्या पहाटे आर्नो नदी शहरात शिरली. नेमकी त्या दिवशी सरकारी सुट्टी, दुकानं बंद, सांता क्रोचेच्या आसपास तर पाणी ६ मीटरच्याही वर गेलं. त्यात हिवाळा तोंडावर, म्हणून तळघरातल्या टाक्या हीटिंगच्या तेलाने भरून ठेवलेल्या, त्या फुटल्या आणि गाळ, गटार, तेल सगळं एकत्र होऊन जे काय झालं ते भिंतींना, पुस्तकांना, चित्रांना चिकटून बसलं. तुम्ही पुण्याचे, पानशेत ऐकलं असेलच. आमच्या शनिवारातल्या वाड्यात पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं ते आजी शेवटपर्यंत पाय टेकवून दाखवायची. फ्लोरेन्समध्ये त्याच कामासाठी भिंतींवर दगडी पाट्या आहेत, ‘आर्नोचं पाणी इथवर आलं होतं’ अशा, पुढच्या वेळी मान वर करून बघा.

तर तो क्रूस चिमाबुए नावाच्या चित्रकाराचा, तेराव्या शतकातला. पुराच्या वेळी तो सांता क्रोचेच्या म्युझियममध्येच होता. लाकूड पाणी पिऊन फुगलं, वरचा चुन्यासारखा थर विरघळला आणि सुमारे ६० टक्के रंग निघून गेला. लोकांनी चिखलातून रंगाचे कपचे वेचले! दुरुस्तीला १० वर्षं लागली, १९७६मध्ये तो परत आला. जिथे रंग गेला तिथे दुरुस्तीचं काम बघणाऱ्या उंबेर्तो बाल्दिनी आणि ओर्नेल्ला कासात्सा यांनी नवीन चेहरा काढला नाही, चित्रातल्याच रंगछटांच्या बारीक बारीक रेघांचं जाळं भरलं. लांबून डोळ्याला खुपत नाही, जवळ गेलात की कळतं इथे मूळचं काही नाही. ७०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या नावावर आपलं चित्र खपवायचं नाही, एवढाच मुद्दा. मला तर हे पटतं, तुम्हाला अपुरं वाटलं तरी त्यात काही चूक नाही.

त्याच म्युझियममधलं वसारी या चित्रकाराचं ‘लास्ट सपर’ बघितलंत का? १५४६चं, पाच फळ्यांचं. १२ तासांहून जास्त पाण्याखाली होतं. रंग गळू नये म्हणून वर कागद चिकटवला आणि फळ्या गोदामात गेल्या त्या गेल्याच, कारण रंग न सोडता तो कागद काढायचा कसा हेच कोणाला माहीत नव्हतं. चित्र परत भिंतीवर लागलं ४ नोव्हेंबर २०१६ला, बरोब्बर ५० वर्षांनी. आता त्याला वर खेचायची यंत्रणा आहे, पुराचा इशारा आला की चित्र वर!

प्रश्न: गॅलिलिओची दुर्बीण पण फ्लोरेन्सलाच आहे ना? ती कशी वाचली?
*(एक विद्यार्थिनी, नाशिक)*

उत्तर: हो, आणि ती ज्या विज्ञानाच्या म्युझियममध्ये आहे ते तर अगदी नदीला लागूनच. तेव्हाच्या संचालिका मारिया लुईसा रिगिनी बोनेल्ली त्याच इमारतीत राहायच्या. खाली पाणी चढतंय आणि ही बाई एकेक वस्तू उचलून वरच्या मजल्याच्या अरुंद कठड्यावरून शेजारच्या उफित्सी कलादालनात नेतेय, अशा कितीतरी फेऱ्या. दुर्बीण त्यातच वाचली. खालच्या मजल्यांवरचं मात्र खूप गेलं.

प्रश्न: २०१९च्या पुरात आमचा लग्नाचा अल्बम भिजला, पानं एकमेकांना चिकटलीत. काही करता येईल?
*(एक वाचक, सांगली)*

उत्तर: ओढू नका, एवढं आधी. वाळून चिकटलेला फोटो ओढला की रंगाचा थर समोरच्या फोटोवर जातो. जे दिसतंय त्याचे आहे तसेच मोबाईलवर चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा, सोडवायचं काम जुने कागद आणि फोटो वाचवणाऱ्या जाणकारालाच द्या.

आणि पुढे कधी वेळ आलीच (न येवो), तर फोटो ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात हलक्या हाताने एकेक सुटा करायचा, रंगाच्या बाजूला बोट लावायचं नाही, चित्र वर ठेवून सावलीत वाळवायचा. ऊन नको, इस्त्री तर नकोच नको. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाका, तिथे बुरशी थांबते आणि आधी घरातला चिखल काढायला वेळ मिळतो.