सुतारकामासाठी विश्वासार्ह मेजरिंग टेप कशी निवडावी आणि वापरावी?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: सुतारकामासाठी कोणती टेप घ्यावी, तिच्या टोकाचा हूक ढिला का असतो, आणि आपल्याकडच्या दोन टेपा एकाच फळीचे माप सुमारे १ मि.मी.च्या फरकाने का दाखवतात. हूकाचा मुद्दा समजला की उरलेल्या दोन्ही प्रश्नांचे बरेचसे उत्तर मिळते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

हूक ढिला असतो, कारण तो तसाच बनवलेला असतो. तो पात्याला, म्हणजे आकडे छापलेल्या लांब पोलादी फितीला, ज्या रिव्हेटांनी जोडतात त्यांची भोके थोडी लांबट ठेवतात, जेणेकरून हूक स्वतःच्या जाडीइतकाच, म्हणजे साधारण १ मि.मी., मागेपुढे सरकेल. फळीच्या कडेला हूक अडकवून टेप ओढली की तो बाहेर सरकतो आणि त्याच्या आतल्या बाजूपासून माप सुरू होते; खणाच्या आतल्या भिंतीला टेप टेकवून दाबली की तो आत सरकतो आणि बाहेरच्या बाजूपासून माप सुरू होते. दोन्ही वेळा शून्य योग्य जागी यावे यासाठी हूकाची जाडी आणि त्याची हालचाल तंतोतंत सारखी असावी लागते. हा खडखडाट दोष समजून काही जण हूक ठोकून घट्ट करतात. तसे केले की आतले किंवा बाहेरचे यांपैकी एक माप कायमचे चुकते.

माझ्या मते टेपेची विश्वासार्हता ठरते ती या पहिल्या मिलिमीटरमध्ये. पात्यावरच्या रेघा बहुतेक चांगल्या टेपांत घरगुती फर्निचरला पुरेल इतक्या अचूक असतात आणि पात्याचे पोलाद सहजासहजी ताणलेही जात नाही. हूक मात्र पडतो, वाकतो, आपटतो आणि त्याची भोके झिजतात. त्यामुळे नवी असो वा जुनी, टेप हाती आली की मी आधी हूक तपासतो आणि त्यासाठी मोजमापाच्या दुसऱ्या कोणत्याही साधनाची गरज पडत नाही. सरळ कडेची एक फळी घ्या. कडेला हूक अडकवून टेप बेताने ओढा आणि ३०० मि.मी.वर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघ मारा. आता हूक सोडवून टेपेची १०० मि.मी.ची रेघ त्याच कडेवर नेमकी ठेवा; पेन्सिलीची रेघ ४०० वर आली तर ओढून घेतलेले माप बरोबर आहे. मग त्याच कडेला फळीहून उंच असा सरळ ठोकळा घट्ट टेकवा, टेप कुशीवर आडवी ठेवा आणि हूक ठोकळ्यावर दाबून तीच रेघ वाचा. ३०० आले तर आतले मापही बरोबर आहे. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल आणि हूक किंचित वाकलेला दिसत असेल, तर तो पकडीने हळूहळू सरळ करून पुन्हा तपासता येतो. भोकेच झिजून मोठी झाली असतील तर ती टेप अंदाजे मापांसाठी वेगळी काढावी.

आता आपल्या दोन टेपांमधील फरकाविषयी. पुष्कळ टेपांच्या पात्याच्या सुरुवातीला एका छोट्या लंबवर्तुळात रोमन अंक छापलेला असतो: एक, दोन किंवा तीन उभ्या रेघा. हे युरोपीय नियमांतील अचूकतेचे वर्ग आहेत. पहिल्या वर्गात अनुज्ञेय चूक ०.१ मि.मी. अधिक प्रत्येक मीटरमागे ०.१ मि.मी. इतकी असते, दुसऱ्या वर्गात ०.३ अधिक दर मीटरला ०.२, आणि तिसऱ्या वर्गात ०.६ अधिक दर मीटरला ०.४. लांबी नेहमी पुढच्या पूर्ण मीटरपर्यंत धरतात. म्हणजे ५ मीटर लांबीवर पहिल्या वर्गाची टेप ०.६ मि.मी., दुसऱ्या वर्गाची १.३ मि.मी. आणि तिसऱ्या वर्गाची २.६ मि.मी.पर्यंत चुकू शकते आणि तरीही ती नियमात बसते. शून्य एखाद्या पृष्ठभागापासून, म्हणजे हूकापासून, मोजले जात असेल तर आणखी थोडी सूट मिळते. दुसऱ्या वर्गासाठी ती ०.२ मि.मी. आहे. यावरून हिशोब केला तर दुसऱ्या वर्गाच्या दोन निर्दोष टेपा एक मीटरच्या फळीवर एकमेकींपासून १ मि.मी.हून अधिक दूर असू शकतात, कारण एक थोडी जास्त आणि दुसरी थोडी कमी दाखवत असेल. आपल्या दोन्ही टेपा सदोष असतीलच असे म्हणूनच म्हणता येत नाही.

निवडताना मी वर्ग पाहतो, पण त्यासाठी हटून बसत नाही. दुसरा वर्ग बहुतेक कामांना पुरतो. पहिल्या वर्गाची टेप मिळाली तर आनंदाने घ्यावी. पात्यावर कोणताच वर्ग छापलेला नसेल, तर मात्र ती टेप पोलादी पट्टीशी ताडून पाहिल्याशिवाय कामाला लावू नये. पात्यावर बहुधा २० अंश सेल्सिअस असेही छापलेले असते. त्या तापमानाला रेघा बरोबर मानल्या जातात. दहा अंशांच्या फरकाने एक मीटर पोलाद सुमारे ०.१२ मि.मी. वाढते किंवा आकसते, म्हणून सुताराने याची चिंता करू नये. हवेतल्या दमटपणाने लाकडाची रुंदी याहून कितीतरी अधिक बदलते.

लांबीच्या बाबतीत अनेक जण चूक करतात. आठ किंवा दहा मीटरची टेप बांधकामावर उपयोगी असते, पण बाकावर काम करताना तिची जड डबी माप घेतानाच पाते खाली खेचते. कपाटे, टेबले, खण अशा कामांसाठी ३ किंवा ५ मीटरची टेप पुरेशी आहे. पात्याच्या रुंदीलाही हेच लागू आहे. २५ मि.मी. रुंदीचे वक्र पाते आधाराशिवाय दूरवर ताठ राहते आणि एकट्याने मोठ्या खोलीचे माप घेणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. पात्याला ही वक्रता दिली गेली ती मुळात याच ताठपणासाठी. अमेरिकेत हायरम फॅरंड यांना १९२२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. फळीवर मात्र तीच वक्रता अडचण करते, कारण पात्याच्या कडा लाकडापासून वर उचललेल्या राहतात आणि डोळा किंचित तिरका झाला तरी रेघ सरकलेली दिसते. म्हणून बाकावरच्या कामासाठी मी १६ किंवा १९ मि.मी. रुंदीचे पाते पसंत करतो. पाते कितीही रुंद असले तरी वाचताना ते थोडे कलते करून त्याची कड लाकडाला टेकवावी आणि नजर रेघेच्या बरोबर वर ठेवावी.

छपाईकडे दुकानातच लक्ष द्यावे. मिलिमीटरच्या रेघा बारीक व एकसारख्या असाव्यात आणि दोन्ही कडांवर मिलिमीटर असतील तर उत्तम. एका कडेवर इंच आणि दुसऱ्या कडेवर मिलिमीटर असलेल्या टेपेत हवी ती कड नेहमीच उलट्या बाजूला येते, आणि घाईत इंच-मिलिमीटरची सरमिसळ होण्याचा धोका वेगळाच. डावखुऱ्या व्यक्तीने टेप हातात धरून अंक उलटे दिसत नाहीत ना हे पाहावे. पात्यावर नायलॉनचे आवरण असेल तर छपाई अधिक टिकते. दोन्ही बाजूंना मोठे कान असलेले किंवा चुंबक बसवलेले हूक मला लाकडासाठी गैरसोयीचे वाटतात: पहिल्यामुळे पाते फळीवर सपाट बसत नाही आणि दुसऱ्याला लोखंडाचा कीस चिकटतो. कापडी किंवा फायबरची टेप येथे वापरूच नये, कारण ओढल्यावर ती ताणली जाते.

वापराच्या बाबतीत एक नियम मी कटाक्षाने पाळतो: एका वस्तूसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच टेप वापरायची. तिची चूक अर्ध्या मिलिमीटरची असली तरी सगळ्या भागांत ती सारखीच राहते आणि भाग एकमेकांत बसतात. दोघे जण मिळून काम करत असतील तर आधी दोन्ही टेपा एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. नेमके माप हवे असेल तेव्हा हूक सोडून १०० मि.मी.च्या रेघेपासून मोजावे आणि शेवटी १०० वजा करावेत. वजाबाकी विसरू नये म्हणून फळीवर तसे लिहून ठेवावे. इंचात काम करणारे एका इंचापासून सुरुवात करतात, परंतु शंभराची चूक चटकन ध्यानात येते आणि एक इंचाची येत नाही. खूण करताना एक आडवी रेघ मारण्याऐवजी व्ही आकाराच्या दोन रेघा मारून त्यांचे टोक मापावर आणावे, म्हणजे नेमकी जागा कोणती हा प्रश्न राहत नाही. टेप तिरकी पडण्याची भीती मात्र जरा अवाजवी आहे: एक मीटर लांबीत दुसरे टोक २० मि.मी. बाजूला सरकले तरी चूक ०.२ मि.मी.च होते. पाते मध्ये झोळ खात असेल तर मात्र आधार द्यावा.

आतले माप घेताना पाते कोपऱ्यात वाकवून अंदाजाने वाचणे ही सर्वांत बेभरवशाची पद्धत आहे. डबीवर तिची लांबी छापलेली असते. डबी एका भिंतीला टेकवून ती लांबी वाचनात मिळवता येते. मी याहूनही सोपे करतो: एका बाजूने ठरावीक लांबीची पट्टी टेकवून तिच्या टोकाशी खूण करतो आणि उरलेले अंतर दुसऱ्या बाजूने मोजतो. खणात फळी बसवायची असेल तर आकडा काढूच नये. दोन बारीक काठ्या एकमेकींवर सरकवून दोन्ही भिंतींना टेकवाव्यात, घट्ट धराव्यात आणि ती लांबी थेट फळीवर उतरवावी. खोके काटकोनात आहे का हे पाहण्यासाठी मात्र टेपच उत्तम, कारण तेथे दोन कर्ण सारखे असणे एवढेच पाहायचे असते. ६०० बाय ८०० मि.मी.च्या चौकटीत तर दोन्ही कर्ण १००० मि.मी. यावेत. १८५ मि.मी. रुंदीच्या फळीचे पाच समान भाग करायचे असतील तर शून्य एका कडेवर ठेवून टेप इतकी तिरकी करा की २०० ची रेघ दुसऱ्या कडेवर येईल, आणि दर ४० मि.मी.वर खूण करा. भागाकाराची गरजच राहत नाही.

सांध्यांसाठी टेप हे चुकीचे साधन आहे. ३०० मि.मी.पेक्षा कमी मापांना पोलादी पट्टी, जाडीला कॅलिपर आणि खाचेच्या रेघांना मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ आखण्याचे साधन) वापरावे.

देखभाल फार नाही. पाते परत जाताना बोटाने त्याचा वेग कमी करावा, कारण हूक डबीवर जोरात आपटला की रिव्हेटांची भोके तिथेच झिजतात. डिंक लागला तर तो ओला असतानाच पुसावा आणि पात्याला तेल लावू नये, त्यावर भुसा बसतो.

आपल्या दोन टेपांपैकी कोणती ठेवावी हे ठरवण्यासाठी एक मीटरची पोलादी पट्टी मिळवा आणि दोन्ही टेपा तिच्याशी १०० मि.मी.पासून पुढे ताडून पाहा. रेघा जुळल्या, तर फरक हूकाचा आहे आणि वर सांगितलेली परीक्षा कोणता हूक बिघडला आहे ते दाखवील. रेघाच जुळल्या नाहीत, तर पट्टीच्या जवळची टेप ठेवा आणि दुसरी बाकापासून दूर अशा ठिकाणी ठेवा की चुकूनही ती त्याच कामात हाती येणार नाही.