खोल तलावाच्या तळाशी झरे आणि गॅस असतो म्हणतात, त्याने खरंच माणसं मरू शकतात का? लोणारला तसं काही आहे का?

हो, मेलीयेत. दोनदा, आणि दोन्ही वेळा कॅमेरूनमध्ये.

तुम्हाला वाटेल की गॅस असेल तर वर बुडबुडे दिसायला नकोत का. खरी गोम तिथेच आहे. रशियात बैकालच्या तळातून मिथेन बुडबुड्यांनी वर येतो, हिवाळ्यात त्यामुळे बर्फ जागोजागी कच्चा राहतो, त्यावरून गाडी नेणाऱ्याला धोका आहेच, पण तो गॅस येतो आणि हवेत निघून जातो. भीती असते ती न दिसणाऱ्या गॅसची.

कॅमेरूनमधला न्योस तलाव म्हणजे ज्वालामुखीचं विवर, खोली 208 मीटर, आणि तळाशी कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या पाण्याचे झरे. हे पाणी जड असतं म्हणून खालीच बसतं, वरून हवेच्या वीसेक पट दाब, त्यामुळे गॅस विरघळलेलाच राहतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलेपर्यंत बाटली कशी शांत दिसते, तसंच. थंड देशात हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन खाली जातं आणि तलाव ढवळला जातो, इथे तळापर्यंत ते होत नाही, मग वर्षानुवर्षं साठतच जातं.

21 ऑगस्ट 1986 ला रात्री ते उसळलं. तळाचं थोडं पाणी वर सरकलं की दाब कमी होतो, बुडबुडे सुटतात, पाणी हलकं होऊन आणखी वर येतं आणि मागचं खेचून आणतं, मग ते थांबत नाही. हा गॅस हवेच्या दीडपट जड, त्यामुळे वर न जाता दऱ्यांमधून गावांवर उतरला, साधारण 25 किलोमीटरपर्यंत. 1,700 च्या वर माणसं गेली आणि हजारो गुरं, कित्येक तर झोपेतच. त्याआधी 1984 ला जवळच्याच मोनून तलावाने 37 जणांचा जीव घेतला होता.

मला सगळ्यात भारी वाटतो तो यावरचा उपाय, कारण ज्याने माणसं मारली तेच तंत्र वापरलंय. 2001 मध्ये तळाजवळ पोचणारा उभा पाइप सोडला, सुरुवातीला पंपाने थोडं पाणी वर ओढलं, पाइपात बुडबुडे सुटायला लागल्यावर पंप बंद केला तरी पाणी आपोआप येतच राहिलं, पन्नासेक मीटर उंच कारंजं! 2011 ला आणखी दोन पाइप बसवले.

खरी काळजी आहे किवू तलावाची, रवांडा आणि काँगोच्या सीमेवर. तिथेही तळाला खारट, गॅसवाले झरे, पण खोली 480 मीटरच्या वर आणि काठावर लाखो लोक. त्यातला मिथेन काढून रवांडा वीज बनवतं, 2016 पासून 26 मेगावॉटचा प्रकल्प चालू आहे, हे आणखी वाढायला हवं असं माझं ठाम मत.

लोणारचं म्हणाल तर पाणी जेमतेम काही मीटर, गॅस दाबून धरायला वर काही नाहीच, विवरही उल्केचं, आणि धारेचा झरा तर काठावरूनच येतो. त्या बाबतीत बिनधास्त जा.