डब्यावर ‘अनरेटेड’, आत काय?

भयपटांच्या डीव्हीडी आणि ब्लू-रेवर एकाच सिनेमाच्या दोन-दोन, तीन-तीन आवृत्त्या मिळतात. त्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: ‘अनरेटेड’ लिहिलेली डिस्क घेतली, पण थिएटरच्या आवृत्तीपेक्षा रक्ताचा एक थेंबही जास्त दिसला नाही. उलट संवादांचे दोन प्रसंग वाढले आहेत. चुकीची डिस्क मिळाली का?

डिस्क बरोबर आहे, गैरसमज त्या शब्दामुळे झाला आहे. ‘अनरेटेड’ एवढंच सांगतो की या कटला, म्हणजे सिनेमाच्या या आवृत्तीला, रेटिंग (कोणत्या वयाच्या प्रेक्षकांसाठी याचा शिक्का) घेतलेलं नाही. आत काय आहे हे तो सांगत नाही. अमेरिकेतलं रेटिंग १९६८ पासून चालू आहे आणि ते ऐच्छिक आहे. रेटिंग देणारं मंडळ ते एका ठरावीक कटला देतं. त्या कटमध्ये पुढे बदल केला की जुनं रेटिंग त्याला लागू होत नाही. वाढवलेला भाग कुऱ्हाडीचा घाव असो की जेवणाच्या टेबलावरचं भांडण, पुन्हा मंडळाकडे न जाता डिस्क काढली की ती अनरेटेड. हा शब्द डब्यावर ठळक छापला की माल खपतो हे वितरकांना चांगलं कळलेलं आहे.

खरी कात्री लागते ती ‘आर’ (१७ वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) रेटिंगसाठी. त्याच्या वरचं ‘एक्स’ अश्लील चित्रपटांच्या धंद्याने पळवलं, म्हणून १९९० मध्ये त्याजागी ‘एनसी-१७’ (मुलांना प्रवेशच नाही) आणलं. तरी मोठी थिएटरं आणि व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या साखळ्या त्यापासून लांबच राहिल्या. म्हणून अनेक दिग्दर्शकांच्या करारातच ‘आर’ मिळवून देण्याची अट असते. या कापाकापीत सहसा अख्खा प्रसंग जात नाही. सुरी लागते तो क्षण राहतो; त्यानंतर कॅमेरा जखमेवर दीड-दोन सेकंद रेंगाळतो, ते जातात. त्यामुळे ‘आर’साठी कापलेलं सगळं परत जोडलं तरी सिनेमा अनेकदा जेमतेम मिनिटभरच वाढतो. फरक आठ-दहा मिनिटांचा असेल तर त्यात गप्पा, ओळखी आणि पात्रांचे तपशील जास्त असणार असं धरून चाला. २००४ चा ‘डॉन ऑफ द डेड’ थिएटरमध्ये १०१ मिनिटांचा होता आणि अनरेटेड ११० मिनिटांचा झाला. त्यात रक्तही वाढलं आहे आणि माणसांच्या गप्पाही.

प्रश्न: सगळ्यात लांब आवृत्ती म्हणजेच न कापलेली आवृत्ती, असं धरलं तर चालेल का?

नाही, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १९८५ चा ‘री-ॲनिमेटर’. हा सिनेमा थिएटरमध्येच रेटिंग न घेता लावला होता, लांबी ८६ मिनिटं. पुढे व्हिडिओसाठी ‘आर’ आवृत्ती तयार केली, त्यात रक्तपाताचे तुकडे काढले. पण मग सिनेमा फार आखूड झाला, म्हणून आधी गाळलेले संवादांचे प्रसंग आत घातले. ही कापलेली आवृत्ती भरली सुमारे ९५ मिनिटं! मिनिटं मोजून डिस्क घेणारा इथे हमखास फसतो. ‘डायरेक्टर्स कट’चंही, म्हणजे दिग्दर्शकाच्या आवृत्तीचंही, तसंच आहे. १९७९ च्या ‘एलियन’ची २००३ मधली ‘डायरेक्टर्स कट’ मूळ सिनेमापेक्षा मिनिटभर लहानच आहे. शिवाय दिग्दर्शक रिडली स्कॉट स्वतः १९७९ च्या आवृत्तीच्याच बाजूने उभे राहिले आहेत.

दुसरी गफलत वेगाची. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम) असतो. पाल या (युरोपातल्या टीव्हीच्या) पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुतेक वेळा २५ चौकटींनी चालवतात, म्हणजे चार टक्के जलद. १०० मिनिटांचा सिनेमा तिथे ९६ मिनिटांत संपतो, १२० मिनिटांचा ११५ मिनिटांत, आणि एक चौकटही कापलेली नसते. आवाजही किंचित बारीक होतो. ओळखीचं संगीत असेल तर कानाला लगेच कळतं. म्हणून युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवरच्या मिनिटांना आधी १.०४ ने गुणा, मगच तुलना करा. सिनेमांच्या ब्लू-रे साधारणपणे २४ चौकटींनीच चालतात, तिथे ही भानगड नाही.

प्रश्न: ब्रिटिश डिस्कवर ‘अनरेटेड’ असं कधीच का लिहिलेलं नसतं? त्या सगळ्या कापलेल्या असतात का?

नाही. ब्रिटनमध्ये १९८४ च्या व्हिडिओ कायद्याने विक्रीच्या प्रत्येक सिनेमाला वर्गीकरण सक्तीचं केलं. त्यामुळे अमेरिकेतली अनरेटेड आवृत्ती तिथे ‘१८’ चा (फक्त प्रौढांसाठी) शिक्का घेऊन विकली जाते. एकेकाळी कात्री जोरात चालली हे खरं. ‘द एक्झॉर्सिस्ट’ तर तिथे कित्येक वर्षं घरच्या व्हिडिओवर मिळतच नव्हता, तो १९९९ मध्ये परत आला. पण नंतर पुष्कळ सिनेमे न कापता पास झाले. एखाद्या डिस्कबद्दल शंका असेल तर वर्गीकरण करणाऱ्या ब्रिटिश मंडळाच्या नोंदीत त्या आवृत्तीची लांबी आणि कापलं असल्यास तसा शेरा सापडतो.

कधी परिस्थिती उलटी असते. ‘द डिसेंट’ ब्रिटनमध्ये २००५ मध्ये पूर्ण शेवटासह लागला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या थिएटरमध्ये त्याचा शेवटचा मिनिटभराचा भाग काढला, आणि सिनेमाचा अर्थच बदलला. तो शेवट अमेरिकी प्रेक्षकांना अनरेटेड डीव्हीडीवर परत मिळाला. रक्ताचा काही संबंध नसताना अनरेटेड आवृत्तीच घ्यावी असं ठामपणे सांगावं, असा हा सिनेमा.

प्रश्न: एकाच ब्लू-रेवर दोन्ही आवृत्त्या आहेत. मेन्यूतून अनरेटेड निवडतो, पण वाढीव प्रसंगांजवळ चित्र क्षणभर अडतं. डिस्क खराब आहे का?

बहुधा नाही. अशा डिस्कवर सिनेमा सहसा दोनदा भरलेला नसतो. तो तुकड्यांत असतो. समजा १ आणि ४ हे तुकडे दोन्ही आवृत्त्यांत सारखे आहेत, २ हा थिएटरचा छोटा तुकडा आणि ३ हा अनरेटेडचा मोठा तुकडा. थिएटरची प्लेलिस्ट (तुकड्यांच्या क्रमाची यादी) १-२-४ वाजवते, अनरेटेडची १-३-४. जोडावर प्लेअरला उडी मारावी लागते, आणि मंद किंवा जुना प्लेअर तिथे अडखळतो. आधी प्लेअरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, बरेचदा एवढ्याने भागतं.

ओळखायचं कसं? अडखळणं फक्त वाढीव प्रसंगांच्या कडेला होत असेल तर दोष जोडाचा. संपूर्ण सिनेमात एकाच ठिकाणी, दोन्ही आवृत्त्यांत होत असेल तर प्लेअर डिस्कच्या एका थरावरून दुसऱ्यावर जातोय. डीव्हीडीवर हे नेहमीचंच. चौकोनी ठोकळे दिसले, आवाज तुटला, डिस्क पुसल्यावर बिघाडाची जागा बदलली, तर मात्र डिस्क बदलून घ्या.

आपण कोणती आवृत्ती पाहतोय याचीही खात्री करून घ्या. काही प्लेअर मागच्या वेळी जिथे थांबलो तिथूनच थेट सुरू करतात आणि मेन्यू येतच नाही. रिमोटवरचं डिस्प्लेचं बटण दाबून एकूण वेळ पाहा. आणि समालोचनाचा ट्रॅक (सिनेमा चालू असताना दिग्दर्शक वगैरे बोलतात तो) ऐकायचा असेल तर तो सहसा एकाच कटवर केलेला असतो. दुसऱ्या कटच्या मेन्यूत तो दिसला नाही तर नवल नाही.

प्रश्न: जुन्या सिनेमाच्या अनरेटेड आवृत्तीत काही सेकंद चित्र एकदम धुरकट होतं आणि रंगही बदलतात. असं का?

कारण तेवढंच शिल्लक होतं. ‘आर’ मिळाल्यावर मूळ निगेटिव्ह त्या कटप्रमाणे कापलं जायचं, आणि उरलेले तुकडे पुष्कळदा कचऱ्यात जायचे. वाचलं ते संकलनाच्या टेबलावरच्या वर्कप्रिंटमध्ये (कामापुरत्या प्रतीत) किंवा त्यावरून भरलेल्या व्हिडिओ टेपमध्ये. १९८१ च्या ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चे गेलेले तुकडे २००९ मध्ये डिस्कवर परत आले. ते बाकीच्या चित्रापेक्षा फिकट आणि ओरखड्यांचे दिसतात, पण ज्यासाठी प्रेक्षक जवळपास तीन दशकं थांबले तेच ते. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा सातवा भाग इतका सुदैवी नाही. त्याचे कापलेले घाव व्हिडिओ टेपच्या दर्जाचेच उरले, म्हणून ते सिनेमात न जोडता डिस्कवर वेगळे दिले गेले. हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. ओघात मध्येच टेपचं चित्र आलं की भीती तिथेच विरते.

जोडलेल्या जागी संगीतही दचकतं, कारण पार्श्वसंगीत कापलेल्या लांबीवर मिक्स झालेलं असतं. वाढीव सेकंदांसाठी एक तर जुनी धून ओढून लावतात, नाहीतर तिथे नुसताच पावलांचा आणि श्वासांचा आवाज राहतो.

प्रश्न: वेगळी उतरवलेली सबटायटल फाइल अनरेटेड आवृत्तीवर जुळत नाही. वेळ पुढे-मागे केली तरी थोड्या वेळाने पुन्हा बिघडते.

आधी बिघाड कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. सुरुवातीपासून हळूहळू फरक वाढत तासाला सुमारे अडीच मिनिटांवर जात असेल, तर फाइल पालच्या वेगाची आहे. एकाच जागी अचानक उडी पडत असेल, तर फाइल दुसऱ्या कटची आहे. कधी दोन्ही दोष एकत्र असतात, तेव्हा वेग आधी सुधारा.

‘सबटायटल एडिट’ हा मोफत प्रोग्रॅम घ्या. वेगासाठी त्यात फ्रेम रेट बदलायची सोय आहे: २५ वरून २३.९७६ (डिस्कवरचे ‘२४’ नेमके एवढे असतात). मग सिनेमा लावा आणि पहिली चुकणारी ओळ शोधा. समजा ३२ व्या मिनिटाला १४ सेकंदांचा वाढीव तुकडा आहे. त्यानंतरची प्रत्येक ओळ १४ सेकंद आधी येईल. ती पहिली ओळ निवडा, वेळ सरकवण्याच्या खिडकीत ‘निवडलेली ओळ आणि पुढच्या सर्व’ हा पर्याय घ्या आणि १४ सेकंद पुढे ढकला. नंतर पुढचा तुकडा, पुन्हा तेच. प्लेअरमधली वेळ फिरवून हे साधत नाही, कारण ती अख्ख्या फाइलला लागते. प्रत्येक टप्पा वेगळ्या नावाने साठवत जा. तिसऱ्या तुकड्याला हात चुकला तर पहिल्यापासून करावं लागत नाही. वाढीव प्रसंगातले संवाद त्या फाइलमध्ये मुळातच नसतील, ते ऐकून हाताने टाइप करावे लागतात.