इलेक्ट्रॉनिक ड्रम किटसाठी नवा स्नेअर पॅड घ्यावा की जुन्या अकूस्टिक (साध्या) स्नेअर ड्रमला ट्रिगर, म्हणजे फटका ओळखणारा सेन्सर लावावा?

दोन्ही चालतं, पण पॅड बघायच्या आधी मॉड्यूलचं (पॅडवरच्या फटक्यांचे आवाज काढणाऱ्या डब्याचं) मॅन्युअल उघडा. स्नेअरच्या इनपुटला ड्युअल झोन, म्हणजे हेड (वरचा पडदा) आणि रिम (कडा) वेगवेगळे ओळखणारा पॅड चालतो का, आणि रिमसाठी त्याला पिएझो (कंपन पकडणारा सेन्सर) लागतो की स्विच, हे त्यात बघा. रोलंडच्या बऱ्याच स्नेअर पॅडमध्ये हेड आणि रिम दोन्हीकडे पिएझो असतो. यामाहाच्या बऱ्याच पॅडमध्ये रिमला स्विच असतो. जोडी जमली नाही तर हेड वाजतं, रिमशॉट (हेड आणि रिमवर एकदम मारलेला फटका) मात्र गायब! केबलही स्टिरिओच हवी; मोनो लावली की रिम मुका होतो. रोलंडचा पीडी-१४०डीएस हा डिजिटल पॅड तर यूएसबीने जोडतात, तो ठरावीक मॉड्यूललाच चालतो.

पॅडचं हेड मेशचं (जाळीचं) की रबरचं? स्नेअरसाठी मेशच घ्या. आवाज कमी आणि ताण हवा तसा बदलता येतो. मधोमध सेन्सरवर फोमचा शंकू (कोन) असलेल्या पॅडमध्ये नेमक्या मध्यावरचा फटका जास्त जोरात वाजतो, हळुवार घोस्ट नोट वाजवताना ते खटकतं. सेन्सर कडेला असेल तर हा त्रास मध्यावर होत नाही, सेन्सरच्या जवळ मात्र होतो.

जुना स्नेअर पडून असेल तर मेश हेड आणि रोलंड आरटी-३०एचआरसारखा हेड-रिम दोन्ही पकडणारा ट्रिगर लावा. खालच्या स्नेअर वायर ढिल्या करा किंवा काढून टाका. एका फटक्याला दोन आवाज आले तर मॉड्यूलमधला मास्क टाइम (एका फटक्यानंतर पुढचा सिग्नल न घेण्याचा क्षणभराचा वेळ) वाढवा, पण बेतानेच. जास्त झाला की रोलमधले फटके गळतात.