फुकट वाटलेल्या पीडीएफबद्दल नोटीस आली आहे, आता काय करावे?

प्रश्न : मी पुण्यातील एका अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करतो. गेली दोन वर्षे टेलिग्रामवर एक चॅनल चालवतो आणि त्यावर स्पर्धा परीक्षांची व इतर मराठी पुस्तके पीडीएफ स्वरूपात टाकतो. काही इंटरनेटवरून डाउनलोड केलेली आहेत, काही मी स्वतः स्कॅन केली. सदस्य सुमारे ४,००० आहेत. मी कोणाकडून एक रुपयाही घेतलेला नाही. आता एका प्रकाशकाच्या वकिलांची नोटीस आली आहे : १५ दिवसांत फाइल काढा, ५ लाख रुपये भरपाई द्या, अन्यथा पोलिसांत तक्रार करू. हा दोन खासगी माणसांमधला वाद असताना पोलीस कसे येऊ शकतात? माझ्या नोकरीचे काय होईल?

उत्तर : पैसे घेतले नाहीत, यावर तुम्ही तुमच्या पत्रात सर्वाधिक भर दिला आहे. त्याचा उपयोग आहे, पण तुम्ही समजता तेवढा नाही. तुमच्या प्रकरणाचे वजन त्या ४,००० सदस्यांवर ठरणार आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १४ प्रमाणे पुस्तकाच्या प्रती काढणे, त्या लोकांना देणे आणि कोणत्याही मार्गाने मजकूर लोकांपर्यंत पोहोचवणे हे हक्क प्रताधिकार ज्याच्याकडे आहे त्याचे असतात. त्याच्या परवानगीशिवाय ते वापरले की कलम ५१ खाली भंग होतो, मग प्रत विकली काय किंवा वाटली काय.

स्वतःसाठी डाउनलोड करणे आणि इतरांना वाटणे यांत कायदा फरक करतो. २०१६ मध्ये संकेतस्थळांवर झळकणाऱ्या ‘पाहिल्यास ३ वर्षे कैद’ अशा अर्थाच्या सूचनेबाबत मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की गुन्हा केवळ पाहण्यात नसून परवानगीशिवाय वितरण, जाहीर प्रदर्शन किंवा विक्री-भाड्याने देणे यांत आहे. कलम ५२ मध्ये खासगी वापर व संशोधन यांसाठी ‘उचित व्यवहारा’ची सवलतही आहे, परंतु संपूर्ण पुस्तक उतरवून घेणे तिच्यात बसेल, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमची बाजू तर त्याच्याही पुढची, म्हणजे वितरणाची आहे.

आता पोलिसांविषयी. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र (म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो) असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ठरवले आहे. म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस गुन्हा नोंदवू शकतात. व्यापारी लाभ नसेल तर सबळ कारणे नोंदवून किमान मर्यादेपेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा त्याच कलमात आहे, आणि पैसे न घेतल्याचा खरा उपयोग तुम्हाला इथे होईल.

खासगी वादात राज्यसंस्था का येते, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. जमिनीला कुंपण घालता येते, पुस्तकातील मजकुराला घालता येत नाही. ते कुंपण कायदाच घालतो. अधिनियमाबाहेर कोणताही प्रताधिकार अस्तित्वात नाही, असे कलम १६ स्पष्ट सांगते. हा हक्क राज्यसंस्थेनेच निर्माण केलेला असल्यामुळे त्याची मुदत आणि अपवाद तीच ठरवते आणि त्याच्या रक्षणाची जबाबदारीही घेते. तरीही विनामोबदला फाइल वाटणारा विद्यार्थी आणि चोरून पुस्तके छापणारा धंदेवाईक यांना एकाच कलमात बसवणे मला प्रमाणाबाहेरचे वाटते. असे वाद दिवाणी न्यायालयातच सुटायला हवेत. पण हे माझे मत झाले, कायदा आज तसा नाही. शिवाय मराठीत अनेक पुस्तकांची आवृत्ती हजाराच्या आसपास प्रतींची असते. तुमच्या चॅनलची सदस्यसंख्या अशा चार आवृत्त्यांएवढी आहे, हे लक्षात घेतले तर प्रकाशकाची तक्रार क्षुल्लक म्हणता येणार नाही.

दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स प्रकरणाचा आधार तुम्हाला कोणी सुचवेल. २०१६ च्या त्या निकालात शिक्षणक्रमाचा भाग म्हणून शिक्षक व विद्यार्थ्यांनी काढलेल्या प्रतींना संरक्षण मिळाले. कोणालाही सामील होता येणाऱ्या चॅनलला तो लागू करणे अवघड आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे उलटलेली पुस्तके मात्र तुम्ही निर्धास्तपणे ठेवू शकता. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा व चित्रे यांचे हक्क वेगळे असतात, तेवढे पाहा. पुस्तक बाजारात मिळत नाही, एवढ्याने ते खुले होत नाही.

आज रात्रीच त्या प्रकाशकाची, आणि माझा आग्रह आहे की इतरांचीही, हक्क शाबूत असलेली पुस्तके चॅनलवरून काढा. काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. मोबाइल कोरा करू नका, खाते बंद करून नाहीसे होऊ नका; दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशाच प्रकरणात टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांची माहिती देण्यास सांगितले होते. प्रकाशकाला स्वतः फोन करून माफी मागण्याचा मोह होईल, तो टाळा. उत्तर वकिलामार्फत, मुदतीच्या आत आणि ‘हक्कांना बाध न येता’ (म्हणजे हे उत्तर कबुली मानले जाऊ नये) असे नमूद करून द्या. त्यात फाइल काढल्याचे व आर्थिक लाभ न घेतल्याचे सांगा आणि तडजोडीची तयारी दाखवा. ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव घेऊ नका, कारण तुम्ही स्कॅन केलेल्या प्रतींमध्ये ‘सर्व हक्क सुरक्षित’ हे पानही असणार. नोटिशीतील ५ लाख हा मागणीचा आकडा आहे. नुकसान दिवाणी दाव्यात सिद्ध करावे लागते.

गुन्हा नोंदवला गेलाच, तर ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सहसा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या सध्याच्या कायद्याच्या) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची सूचना दिली जाते. तिचे पालन करा. अटकेची शक्यता दिसल्यास कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. तडजोड झाल्यास उच्च न्यायालयाकडे गुन्हा रद्द करण्याची विनंती करता येते.

नोकरीबाबत सांगायचे तर वकिलाची नोटीस म्हणजे फौजदारी प्रकरण नव्हे. पुढे गुन्हा नोंदवला गेला आणि निवडीनंतर पूर्वचारित्र्य तपासणीसाठी भराव्या लागणाऱ्या साक्षांकन नमुन्यात त्याविषयी विचारले गेले, तर ते लिहा. माहिती दडवणे हेच उमेदवाराविरुद्ध जाऊ शकते, तर खरे सांगितल्यास नियुक्ती प्राधिकाऱ्याने प्रकरणाचे स्वरूप विचारात घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले आहे.