पाय दुखत नाही, मग पळू का द्यायचं नाही?

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे, २०० मीटर पळते. सोळा दिवसांपूर्वी सरावात वळण संपता संपता तिच्या उजव्या मांडीत मागून चमक भरली. डॉक्टर म्हणाले, हॅमस्ट्रिंग, ग्रेड दोन. आता चालताना, जिना चढताना अजिबात दुखत नाही. बारा दिवसांवर जिल्हा स्पर्धा आहे. उतरू द्यावं का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, या स्पर्धेत नको.

मी फिजिओथेरपिस्ट झाले त्याआधी ४०० मीटर पळायचे. विसाव्या वर्षी माझीही हीच मांडी गेली होती. चालताना दुखेना, म्हणून अठराव्या दिवशी ट्रॅकवर उतरले. शेवटच्या शंभर मीटरला मागून कुणी दगड मारल्यासारखं वाटलं, मी वळूनसुद्धा पाहिलं. कुणी नव्हतं. चार दिवसांनी जांभळा डाग गुडघ्याच्या मागे उतरला आणि अख्खा सीझन गेला.

जोरात पळताना पाऊल टेकायच्या जरा आधी नडगी पुढे फेकली जाते. तिला आवरताना हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा हा स्नायू, ताणलेला असतो आणि त्याच क्षणी जोरही लावत असतो. बहुतेक वेळा तो तिथेच फाटतो. चालण्यात असलं काही घडतच नाही, मग दुखेल कसं?

ग्रेड दोन म्हणजे काही तंतू तुटले, स्नायू अजून सलग आहे. पण नुसत्या ग्रेडवर दिवस मोजू नका. जखम कुठे आहे ते विचारा. बैठकीच्या हाडाजवळ असेल तर वेळ जास्त लागतो. एमआरआय झाला असेल तर आतल्या कंडरेला, म्हणजे टेंडनला, धक्का आहे का तेही विचारा. असेल तर आणखी थांबावं लागतं. स्वीडनमध्ये संशोधक कार्ल आस्कलिंग यांनी हॅमस्ट्रिंग दुखावलेल्या ५६ धावपटू आणि उडीपटूंवर अभ्यास केला. स्नायू लांबवत ताकद देणारे व्यायाम केलेल्यांना पूर्ण सरावाला परतायला सरासरी ४९ दिवस लागले, नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना ८६. तुमचे अजून सोळाच झालेत.

नुसती विश्रांती आणि मालिश यांवर मात्र राहू नका. फिजिओच्या देखरेखीखाली ताकदीचे व्यायाम आत्ताच सुरू करा. तिला पालथं झोपवा, गुडघा थोडा वाकवायला सांगा आणि टाचेला हाताने विरोध करा. दोन्ही पायांचा जोर सारखा लागतो का? दुखऱ्या जागी बोट दाबलं तर ती दचकते का? जोर सारखा लागला आणि ती दचकली नाही, की आधी सरळ रेषेत, निम्म्या वेगाने पळू द्या. मग हळूहळू वेग, नंतर वळण. ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय रोवायच्या ठोकळ्यांवरून, सुटणं सगळ्यात शेवटी. पुढचा टप्पा गाठताना तिच्या मनात धाकधूक असेल तर तिथेच थांबा, ती धाकधूक मी फार गांभीर्याने घेते.

स्पर्धेला तिला जरूर न्या, मैत्रिणी पळतील. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, मात्र घरीच राहू द्या.