द्राक्षं सोलता येत नाहीत

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. भाज्या-फळांवरच्या औषधांबद्दल ऐकलं की घाबरायला होतं. पण सगळंच सेंद्रिय आणणं आम्हाला परवडत नाही. काय आणावं? — एक आई, लालबाग

उत्तर : सगळं आणायची गरजच नाही. माझं माहेर निफाडचं, द्राक्षबागेचं. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवाऱ्यामागून फवारे बसताना पाहतच मी वाढले. शेवटच्या फवाऱ्यानंतर किती दिवसांनी माल काढायचा, हे औषधाच्या लेबलवर छापलेलं असतं. एका वर्षी व्यापारी दारात उभा होता, भाव चढा होता, तरी बाबा ते दिवस सरेपर्यंत थांबले. भाव उतरला, तो त्यांनी सोसला. कर्ज डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला हे जमत नाही. मी त्याला दोष देत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडली. निर्यातीचा माल तेव्हापासून अधिकच कसून तपासला जातो. लालबागच्या हातगाडीवरच्या घडाची अशी तपासणी कोण करणार?

म्हणून जास्तीचे पैसे द्राक्षांवर आणि पालक-मेथीवर घाला. मुलगी ते सालीपानांसकट खाते. पाकिटावर ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह बघा, नुसत्या ‘सेंद्रिय’ पाटीवर जाऊ नका. केळी, पपई, कलिंगड, मटार, कांदे नेहमीच्या भाजीवाल्याकडचेच घ्या. साल-टरफल टाकूनच देतो आपण. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका.

धुण्याचा उपयोग होतो, पण पुरता नाही. २०१७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम खाण्याचा सोडा घालून त्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरची औषधं निघाली, आत मुरलेली मात्र राहिली. वांग्या-भेंडीवरची काही औषधं तर झाडाच्या रसातूनच फिरतात, ती नळाखाली कशी जातील? तरी धुवाच. आणि भीतीपोटी मुलीची भाजी कमी करू नका, त्यानं तिचं जास्त नुकसान होईल.

पावसाळ्यात दादर स्टेशनबाहेर बायका टाकळा, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या घेऊन बसतात. रानात कोण फवारा मारायला जातं? टाकळा कोवळा बघून घ्या. लसूण आणि ओलं खोबरं घातलं की मुलं खातात.